तुऱ्याचा राजा अन् बोंबलाचा आळ

...अन् वर मलाच म्हनत्यात, "हौशीराम, खरं बोल!" घ्या! आहो, खरं बोलायचं म्हंजे आनखी काय करायचं मानसानं? भंडारा उचलला, गाईच्या पाठीवर हात ठेवला, बायकोच्या म्होरं तोंड उघडून "हाऽऽ" केलं... लगीन झाल्यापासनं तिच्या म्होरं तोंड उघडायची ती पैलीच बारी, अन् तेबी वास देयाला! तरी सगळी आळी नाकाला पदर लावून माझ्याकडंच बघती. तुमाला सांगतो पावणं, वास माझा न्हाई, राव! सबंध पिंपळवंडीत त्या वासाशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता असा एकच मानूस व्हता, तो म्या, अन् धरला कुनाला? मला!

बसा बसा, घाई काय हाय? पैल्यापासनं सांगतो, न्हाईतर तुमीबी माझ्यापासनं हातभर लांब सरकून बसाल.

तर काय, आमची अन् भंवरलालशेटची मधली भिंत एक. त्यांचा बाप मारवाडातनं आला अन् आमच्या बापाशेजारी दुकान थाटलं. तवाच दोघा म्हाताऱ्यांनी ठरीवलं, भिंत दोघांची, धर्म ज्याचा त्याचा. आमी सुकट-बोंबील घरात करायचे न्हाईत, काय ते मळ्यातल्या खोपीत. अन् आमच्या वळचनीला टांगल्याला कांदा त्यांनी बघून न बघितल्यागत करायचा. आता कांदा शेटला आडतीवर चालतो, ताटात चालत न्हाई, तवा त्याला ती सवय व्हतीच. तीस वरसं झाली राव, तीस! आमच्या चुलीवर बोंबील चढला न्हाई. नानेघाटानं सुकटवाले वर आले की म्या माल घेतो अन् घराला वळसा घालून, चोरावानी, मळा गाठतो. स्वतःच्या पैशाचा बोंबील अन् तंगड्या चोराच्या!

अन् त्या साली तर त्याच्यावरबी गदा आली. कुटलं साल म्हनाल तर इक्टोरिया रानी गेली त्याच्या तिसऱ्या वरसाचा फाल्गुन. शेटच्या पोराचं, मोहनलालचं, लगीन जमत व्हतं. मंचरचे सुवालालशेट, लई मोठं घर, त्यांची पोरगी. पोरगं-पोरगी पसंत, पत्रिका पसंत, ऱ्हायलं काय, तर मंचरकर येऊन घर बघून जानार. झालं! शेटची आई पानबाई, आमची पानकाकी, तिनं मला बोलवून घेतलं. ही येवढीशी म्हातारी, वाऱ्यानं उडंल, पन तिच्या म्होरं पाटीलबी जोडा काढून उभा ऱ्हातो. म्हनली, "हौशीराम बेटा, सोयरीक ठरेपर्यंत मळ्यातबी नको. तुझ्या मिशीला वास येतो."

मिशीला! आता काय बोलायचं? मोहनला विहिरीत पोहायला म्या शिकवलेलं, माझ्या पाठीवर बसून पोरगं शिमग्याला सोंगं बघायला यायचं. त्याच्या लग्नापरीस बोंबील मोठा हाय का? न्हाई. म्हनलं, काकी, सोडला. आन् खरंच सोडला. खोपीत आढ्याला जुडी टांगलेली, म्या खाली बसून पिठलं खायचो अन् वर बघायचो. बस, बघायचो. तेवढ्यावर दोन म्हयनं काढलं राव!

अन् त्याच फाल्गुनात तो आला. कोन काय इचारता? राजा!

सकाळचं म्या परसात दात घासत व्हतो, तर भितीवर ह्यो बसल्याला. रंगानं भाजल्या भाकरीवानी तांबूस, पंखावर काळं-पांढरं पट्टं, चोच ही लांब अन् दाभनावानी वाकडी, अन् डोस्क्यावर... आहो डोस्क्यावर तुरा! साधासुधा न्हाई, मिटला की मागं टोक काढून बसायचा, अन् उघडला की आख्खा पंखा! हातपंखा उघडावा तसा, फटदिशी! अन् टोकाटोकाला काळं ठिपकं. माझी राखुंडी तोंडातच ऱ्हायली.

म्या म्हनलं, सुतार हाय. चोच लांब, म्हंजे सुतार. सगळी सुतारच म्हनत्यात त्याला. तर आमची कारभारीन, साळुबाई, म्हनती, "सुतार झाडाला टोचे मारतो, ह्यो उकिरड्याला मारतोय. सुतार उकिरड्यावर काय पाट-चौरंग करतोय व्हय?" म्हंजे आमच्या घरात मला काय कळतं हे कळायला पाखराची गरज न्हाई, पन असूं दे. शाळामास्तर आले, चष्मा पुसला, मान तिरकी करून बघितलं, म्हनले, "मोराचं पिल्लू असावं." म्या म्हनलं, मास्तर, मोराच्या पिल्लाला येवढं पंख फुटलं तर ते पिल्लू कशाचं? तर म्हनले, "असावं म्हणालो, आहे म्हणालो नाही." हे शिकल्याल्या मानसाचं बरं असतंय, चुकत्यातबी सावलीत बसून.

तेवढ्यात पानकाकी आली. तिनं बघितलं, अन् त्याच येळी ह्यानं तुरा उघडला! फटदिशी! म्हातारीचे हात जोडले गेले. म्हनली, "मुकुट आहे रे डोक्यावर. मागच्या जन्मीचा राजा आहे कुनीतरी. अन् बघ, चालतो कसा, पावलापावलाला वाकून नमस्कार करतोय धरतीला!"

आता तो नमस्कार कशाचा व्हता, सांगू? म्या जवळनं बघितलं. दोन पावलं चालायचा, वाकायचा, चोच मातीत खुपसायचा, अन् वर काढायचा तवा चोचीत ही बोटभर जाड आळी, वळवळती! मान मागं टाकून, वर उडवून, गट्ट! म्या म्हनलं, "काकी, ते तोंडात..." तर म्हनली, "काडी हाय गवताची. घर बांधतोय." आता वळवळनारी काडी म्या जन्मात बघितली न्हाई, पन म्हातारीचं तोंड येवढं फुललेलं, कोन बोलनार?

घर मात्र बांधलंन् खरं. आमच्या त्या दोघांच्या भिंतीत, वर वळचनीखाली, जुन्या वाशाचं टोक काढल्यालं भोक व्हतं, त्यात त्याची रानी जाऊन बसली. ती आत, ह्यो भाईर. "हुप हुप हुप" करत यायचा, तुरा उघडायचा, भोकात चोच घालायचा, तुरा मिटायचा, चालला परत. पानकाकीनं दुसऱ्या दिशी नेमच धरला. जवर राजा आपल्या भितीत हाय, तवर त्याचं दर्शन झाल्याबिगर तोंडात पानी घालायचं न्हाई!

आता आली का पंचाईत? पाखरू हाय ते, सरकारी नोकर हाय का वेळंवर हजर ऱ्हायला? येखाद्या दिशी यायचाच न्हाई. ऊन वर चढायचं, म्हातारी उपाशी, भंवरलालशेट कासावीस, अन् मंग भितीवरनं हाक यायची, "हौशीरामभाऊ, जरा बघता का, कुटं हाय?" की म्या निघालो! बारा बिघ्याचा धनी, काखंत काठी, अन् कांद्याच्या वाफ्यावाफ्यातनं पाखरू हाकतोय घराकडं! येनारा-जानारा इचारायचा, "काय हौशीराम, म्हस सुटली का?" काय सांगू? म्हनायचं, "व्हय बाबा, सुटली. तुऱ्याची म्हस."

पन येक सांगतो. असं आठ-पंधरा दिस त्याच्या मागं फिरल्यावर मलाच त्याचा लळा लागला. त्याचं ते उडनं, वर-खाली वर-खाली, फुलपाखरावानी. बसताना तुरा उघडनं, भ्याला की उघडनं, बायकोला घास देताना... तवा मातर मिटून, गपगुमान. म्या साळूला म्हनलं, बघ, राजा असला तरी घरात तुरा मिटूनच ऱ्हावं लागतंय. ती म्हनली, "कळलं ना? मंग सरपन आना."

अन् मंग चैत्र लागला, अन् तो वास आला.

काय सांगू तुमाला! पैल्या दिशी वाटलं, गटार. दुसऱ्या दिशी वाटलं, कुत्रं मेलं. तिसऱ्या दिशी वाटलं, आपुन मेलो! सडका, कुजका, नाकातनं शिरून टाळूला चिकटनारा वास, सबंध परसात, त्यांच्याबी अन् आमच्याबी. अन् पैला धसका कशाचा, तर उंदराचा! तवा प्लेगाचं भ्या, उंदीर मेला की गाव मोकळं करायचं अन् रानात झोपड्या ठोकायच्या. शेटचं तोंड चुन्यावानी झालं. दोघा घरांनी मिळून भांडं न् भांडं हालीवलं, पोती उपसली, कनगी आडवी केली, उंदीर काय, उंदराची शेपटीबी न्हाई. सगळ्यांनी "सुटलो बाबा" म्हनलं. अन् म्या सगळ्यात मोठ्यांदा म्हनलं, येड्यावानी! कारन उंदीर न्हाई म्हनल्यावर ऱ्हायलं कोन? सगळी मुंडकी हळूहळू वळली... माझ्याकडं.

भंवरलालशेट मानूस लई सभ्य. दारात आला, जोडा काढला, खाली बघत म्हनला, "हौशीरामभाऊ, तीस वरसांत मी कदी काय बोललो का? पन खरं सांगा. घरात... ते... शिजतंय का?" म्या म्हनलं, "शेट, आईशपथ न्हाई! वास माझा न्हाई, राव!" तर म्हनला, "बरं बरं." आता ह्ये "बरं बरं" तुमी ऐकलं असतं ना! त्याच्यापरीस कानाखाली वाजीवलेली बरी. इस्वास न्हाई अन् तो न्हाई म्हनायची लाजबी हाय, असलं बरं बरं. मंग आळीनं इचारलं, मंग मास्तरांनी, अन् शेवटी आमची साळू! मांडीला मांडी लावून तीस वरसं काढलेली बाई म्हनती, "अवं, मला तरी खरं सांगा, कुटं लपीवलेत?" म्या भंडारा उचलला तो तवा!

अन् ह्यात मंचरचा सांगावा आला, उद्या येतो म्हनून. सुवालालशेट अन् त्यांची थोरली भैन उगमबाई. ह्या उगमबाईचं नाक म्हंजे मंचर पेठेत नावाजलेलं, तुपाच्या डब्याचं झाकन न काढता सांगायची, गाईचं की म्हशीचं! शेट संध्याकाळी आला, डोळं भरल्यालं. म्हनला, "भाऊ, मोहनची सोयरीक तुमच्या हातात हाय. तेवढा उद्याचा एक दीस." अन् हात जोडले की राव, मला! आता मोहनची सोयरीक मोडली तर ती कुनाच्या डोस्क्यावर? माझ्या! न खाल्लेल्या बोंबलापायी! मला रडू फुटलं, खरं सांगतो, आत जाऊन पोत्याआड रडलो.

सकाळी उठलो ते ठरवूनच. म्हनलं, आज ह्या वासाचा बाप हुडकून काढायचा. शेटनंबी पहाटंच चिखल मळून ठेवलेला, तूस घालून. जिथं फट दिसंल तिथं लिंपत सुटला व्हता. सगळी भोकं बुजवली, राजाचं तेवढं सोडून. राजावर कोन संशय घेनार?

येवढ्यात तळेघरचा धर्माजीबाबा आला, बैलावर हिरडा लादून, दीड दिसाची वाट तुडवत. डोंगरातला मानूस, पाखरानं शिंक दिली तरी जात सांगंल. परसात तवा म्या एकटाच; बाबानं बैल बांधला, नाक वर केलं, अन् हसला. म्हनला, "हुदहुद बसलंय व्हय रं कुटं?"

"काय बसलंय?"

"हुदहुद. तुऱ्याचं. पिल्लं झाली जनू. आरं, पिल्लं झाली की ह्याचं घरटं असं घानतं की साप-मुंगूस फिरकत न्हाई. तेच त्याचं राखन. दुसरं हत्यारच न्हाई बिचाऱ्याकडं."

आहो, माझ्या डोक्यात उजेड पडला! राजा! तो मुकुटवाला, नमस्कारवाला, मागच्या जन्मीचा राजा! म्या शिडी लावली, चढलो भराभरा. धर्माजीबाबा खालनं वरडतोय, "तोंड नको घालू, तोंड नको...!" पन ऐकतंय कोन? पंधरा दिसांचा आळ, राव! घातलं तोंड भोकापाशी. आत अंधारात चार-पाच मुंडकी, प्रत्येकाला येवढा येवढासा तुरा, आताच! मला बघून सापावानी फुस्स केलं, सगळ्यांनी एकदम पाठी फिरवल्या, अन्... काय सांगू? पिचकारी! शिमगा जाऊन म्हयना झाला व्हता, माझा शिमगा त्या दिशी झाला. डोळ्यांत, मिशीत, मुंडाशात! ज्या मिशीला काकी नावं ठेवत व्हती, त्या मिशीत!

अन् तुमाला खोटं वाटंल, पन नेमकं तवाच दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज. मंचरकर!

म्या शिडीवर, खाली उतरावं तर आंगाला ह्यो वास, अन् सगळी मंडळी घर बघत बघत सरळ परसातच आली. म्होरं सुवालालशेट, मागं उगमबाई. ती उंबऱ्यात थांबली. नाक वर. डावीकडं. उजवीकडं. अन् म्हनली, "हा वास कसला?"

बैलबी रवंथ करायचा थांबला.

आता बोलायचं ना? अहो, तोंडावर आलं व्हतं! पंधरा दिस ज्याची वाट बघितली ते वाक्य, "वास माझा न्हाई, राव, ह्यो बघा चोर!" येवढंच म्हनायचं, भोकाकडं बोट करायचं, अन् सुटलो! पन खाली बघितलं. शेटच्या हातात चिखलाची पाटी तशीच. म्या बोट केलं असतं तर दुसऱ्या घटकंला भोक बंद, अन् आत ती चार-पाच येवढ्याशा तुऱ्यांची मुंडकी. अन् शेटच्या शेजारी पानकाकी, उपाशी, सकाळपासनं दर्शन न झाल्याली, हात जोडून वर बघत उभी. म्या समजलो, पाखराला जोडलेत. तिला काय सांगू? की तुझा राजा आळ्या खातो अन् घान करतो?

शिडीवरनंच म्हनलं, "माझा हाय."

"काय?"

"वास. माझा. बोंबील खाल्ले सकाळी. लई खाल्ले."

साळूनं कपाळावर हात मारला. शेटनं डोळं मिटलं. उगमबाई दोन पावलं म्होरं आली, माझ्याकडं बघितलं, वास घेतला, मागं झाली. मंग भावाला म्हनली, "सुवा, ह्या मानसाशेजारी हे लोक किती वरसं ऱ्हात्यात?" शेट पुटपुटला, "तीस." तर म्हनली, "अन् भांडन?" "एकबी न्हाई." उगमबाईनं पदर नाकाला लावला अन् म्हनली, "मंग पोरगी द्या डोळं झाकून. ह्याला ज्यांनी तीस वरसं सोसलं, ते आपल्या पोरीला काय तरास देनार!"

जमली सोयरीक! माझ्या जिवावर! गूळ वाटला, मला लांबनं, फेकून दिला. लगीन झालं, थाटात झालं. मंचरकडचं कोनबी भेटलं की आजबी इचारतं, "कोन, बोंबीलवाले हौशीराम का?" व्हय म्हनतो. काय करता?

पिल्लं उडाली त्याच्या आधीच. एकामागनं एक भोकातनं भाईर आली, भितीवर बसली, पाच! पाचीनं तुरं उघडलं. पानकाकीनं नेम सोडला, पारनं केलं, अन् वास गेला, जसा आला तसा. धर्माजीबाबाला म्या गप ऱ्हायची शपथ घातली. कुनाला काय कळलं न्हाई.

मंग म्या इचार केला. नाव तर पडलंच. आळ तर आलाच. मंग खाऊ तरी, का नको? दिवाळीच्या म्होरं एक दीस शेट दुकानाच्या कामानं जुन्नरला गेलेला बघितला, साळूच्या हातापाया पडलो, अन् तीस वरसांत पैल्यांदा आमच्या घरच्या चुलीतनं निखाऱ्यांचा आर काढला अन् त्याच्यावर चार बोंबील मांडले. काय तो चुर्रऽऽ आवाज! काय ते वळनं! बाजरीची भाकरी मोडली, मिरची ठेचली, अन् पैला घास उचलला...

तर भितीपलीकडनं पानकाकी, मोठ्यांदा, "सूनबाई, माझं ताट उचला! राजा आला परत! वास आला बघा!"

घास हातातच. म्हंजे? म्हंजे म्हातारीला ठावं व्हतं? वासाचं? पैल्यापासनं? म्या तसाच उठलो, भितीवर डोकं काढलं. काकी भोकाखाली उभी, हात जोडून. म्हनलं, "काकी! तुमाला म्हाईत व्हतं, वास पाखराचा हाय? मंग मला बदनाम का होऊन दिलं?"

म्हातारी माझ्याकडं न बघताच म्हनली, "मी बोलले असते तर भंवरनं भोक लिंपलं असतं. पिल्लं लहान व्हती. तू थोराड हायेस, सोसशील म्हनलं." अन् मंग हळूच, "त्या दिशी हात कुनाला जोडले व्हते, वाटलं तुला?"

म्या घास पाठीमागं लपीवला, राव. पन म्हातारी उपाशी ऱ्हायची, म्हनून शेवटी सांगितलं, खरं खरं सांगितलं, "काकी, जेवा. राजा आला न्हाई. ह्यो वास माझा हाय. बोंबलाचा."

तर ती हसली अन् म्हनली, "गप बस. मागच्या टायमालाबी असंच खोटं बोलला व्हतास."

आता काय करता? मुंडासं गुंडाळलं, काठी घेतली, अन् निघालो पाखरू हुडकायला. बोंबील गेलं मांजरीच्या पोटात. अन् तुमाला सांगतो पावणं, सबंध जन्मात त्या एका दिशी वास खरंच माझा व्हता, राव!